चुकीच्या पत्त्यावर आलेला पाहुणा

नंदूदादा खुर्चीवरून पडला आणि गेला, असे आईने फोनवर सांगितले तेव्हा मी रडले नाही. मी विचारले, ‘‘कुठे लागलं?’’ आईला तो प्रश्न निर्दय वाटला असावा. अमरावतीच्या घरात ती एकटी होती, तिच्या थोरल्या बहिणीचा एकुलता एक मुलगा गेला होता, आणि पुण्याहून तिची मुलगी तपास अधिकाऱ्याच्या आवाजात बोलत होती. पण मला खरोखरच काही समजत नव्हते. अकोल्याच्या एका मंगल कार्यालयात तो लग्नाचे शूटिंग करत होता. गर्दीच्या डोक्यांवरून दृश्य नीट यावे म्हणून प्लास्टिकच्या खुर्चीवर चढला, खुर्चीचा पाय सरकला, तो समोरच्या टेबलाच्या कडेवर आपटला आणि दवाखान्यात पोहोचण्याआधीच संपला. चाळिशीही न गाठलेला माणूस. एवढ्याशा उंचीवरून पडलेला माणूस कंबर धरून उठतो, चार लोकांना हसवतो, आठवडाभर लंगडतो. मरत नाही. गाडीत बसल्यापासून अकोला येईपर्यंत मी एकेक शक्यता मांडत होते आणि खोडत होते. कोणतेच उत्तर बसत नव्हते.

उत्तर मला जठारपेठेतल्या त्यांच्या स्वयंपाकघरात मिळाले. दादाची बायको, रंजनावहिनी, ओट्याला टेकून खाली बसल्या होत्या. मी शेजारी बसले. माझ्याकडे न पाहता त्या म्हणाल्या, ‘‘यायच्या पोटात गाठ होती, मीनल. लिव्हरमदी. पान्याची. थे फुटली.’’

मी परजीवींचा अभ्यास करते. कुत्र्याच्या आतड्यात तांदळाच्या दाण्याएवढा एक पट्टकृमी राहतो. त्याची अंडी चुकून माणसाच्या पोटात गेली तर यकृतात पाण्याने भरलेली एक गाठ तयार होते, त्या गाठीत पुन्हा पिल्लांच्या गाठी, आणि हे सारे वर्षानुवर्षे मुकाट्याने वाढत राहते. जोराचा मार लागून गाठ फुटली, तर तिच्यातल्या पाण्यानेच शरीर काही मिनिटांत कोसळू शकते. याच गाठीवर मी प्रबंध लिहिते आहे. दादाला ते माहीत होते. वहिनींना आणि दादाच्या वडिलांना, म्हणजे आमच्या मावसाजींनाही, ते माहीत होते. आणि तीच गाठ दादाच्या पोटात आहे हेही त्या तिघांना दीडेक वर्षापासून माहीत होते. मला नव्हते... त्या घरातल्या पंगतीत मी त्या काळात किती वेळा जेवले असेन. वहिनींनी मला वाढले, मावसाजींनी माझ्या संशोधनाची चौकशी केली, दादाने माझी टिंगल केली, आणि कोणीही काही बोलले नाही.

वहिनींच्या संमतीने मी हे लिहिते आहे. आठवणी सांगाव्यात म्हणून लिहायला बसले, हे खरे. पण अशा लेखांत जो मऊ सूर अपेक्षित असतो तो मला साधेल असे वाटत नाही. मला त्या माणसाला एक प्रश्न विचारायचा आहे, आणि तो उत्तर द्यायला उरलेला नाही. मला का सांगितले नाहीस?

दादा माझा मावसभाऊ, माझ्याहून बराच मोठा. मावशी लवकर गेली. मावसाजी भिक्षुकी करतात. अकोल्यातल्या कितीतरी घरांच्या वास्तुशांती आणि लग्ने त्यांच्या हातून झालेली आहेत. मुलाने पौरोहित्य शिकावे अशी त्यांची इच्छा होती. त्याने कॅमेरा घेतला आणि वडिलांच्याच लग्नांत उभा राहिला. ‘‘बाप लग्न लावते, मी लग्न दाखवतो,’’ असे तो गिऱ्हाइकांना सांगे. शाळेत असताना उन्हाळ्याची सुट्टी लागली की मी अमरावतीहून अकोल्याला जात असे, आणि दुपार त्याच्या दुकानामागच्या खोलीत घालवत असे. तिथे कूलर होता, एक जुना टीव्ही होता, आणि हिंदीत बोलणाऱ्या परदेशी राक्षसांच्या चित्रपटांचा ढीग होता. बसएवढे खेकडे, गटारातून वर येणारे लिबलिबीत जनावर, माणसाच्या कानातून शिरून त्याला बाहुल्यासारखे चालवणाऱ्या अळ्या. घरातल्या मोठ्यांना हे किळसवाणे वाटे. दादाला ते विनोदी वाटे, आणि त्याच्यामुळे मलाही. राक्षसांचे दोन प्रकार असतात, हा त्याचा सिद्धान्त. ‘‘एक थो, जो बाहेरून येऊन खाते. त्याले कायले भ्यायचं, त्याच्यासाठी पोलीस हाये. दुसरा आतून खाते. थो राक्षस नसते, पाहुणा असते. त्याले आपनच जेऊ घालतो.’’

प्रत्येक राक्षस पहिल्यांदा पडद्यावर आला की दादा चित्रपट थांबवी आणि विचारी, ‘‘प्रोफेसर, हे होऊ शकते का?’’ मी तेव्हा सातवीत असेन. अमरावतीला परत गेल्यावर मी शाळेच्या ग्रंथालयात बसून त्या प्रश्नांची उत्तरे शोधत असे आणि पुढच्या सुट्टीत घेऊन जात असे. बसएवढा खेकडा का असू शकत नाही, हे मी त्याला एका दुपारी सविस्तर समजावले: आकार वाढला की वजन फार वेगाने वाढते, पायांची ताकद त्या वेगाने वाढत नाही, त्यामुळे असा खेकडा आपल्याच वजनाखाली मोडून पडेल. दादा कूलरच्या वाऱ्यात डोळे मिटून ऐकत होता. शेवटी खिन्नपणे म्हणाला, ‘‘तू माया खेकडाच मारून टाकला.’’ आतून खाणाऱ्यांच्या बाबतीत मात्र उलटे घडले. चित्रपटांतले कीटक आणि कृमी खऱ्यांच्या मानाने किती साधे, किती कल्पनाशून्य असतात हे मला पुस्तकांतून कळत गेले, आणि त्या आश्चर्यातून मी आजवर बाहेर आलेले नाही. संशोधनासाठीच्या मुलाखतीत हा विषय का निवडला असे विचारल्यावर मी त्या खोलीबद्दल सांगितले. समिती हसली. दादाला हे कळले तेव्हा तो हसला नाही. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला, लग्नाची तारीख पक्की करायला आलेल्या वधूपित्यालासुद्धा, त्याने ते सांगितले.

चातुर्मासात लग्ने नसतात. लग्नाचे शूटिंग करणाऱ्यांना ते महिने रिकामे जातात. कोणी शेतीकडे बघतो, कोणी वाढदिवस शोधत फिरतो. दादा त्या महिन्यांत राक्षसांचे चित्रपट काढत असे. दरवर्षी एक. भांडवल काहीच नव्हते, सामान सगळे लग्नाचे. मंडपाची जुनी झालर म्हणजे राक्षसाची कातडी. बिटाच्या पाण्यात उकडलेल्या शेवया म्हणजे कृमी, आणि अंडी म्हणजे त्याच पाण्यात रंगवलेला साबुदाणा; साधा साबुदाणा तर चातुर्मासात त्या घरात कायम भिजत असे. वहिनी दोन पातेली वेगळी ठेवत, खायचे आणि पिक्चरचे; एकादशीला मावसाजींनी पिक्चरच्या पातेल्यातला साबुदाणा परतून खाल्ला आणि संध्याकाळी आरशासमोर जीभ बाहेर काढून उभे राहिले, कारण ती लाल झाली होती. नायिका वहिनीच. त्या पातूरकडच्या शेतकरी घरातल्या; अळी दिसल्यावर किंचाळायला सांगितले की त्यांना हसू येई, ‘‘अळीले कोन ओरडते? चिमटीत धरून फेकते मानूस.’’ मुख्य राक्षस गल्लीतला शेरू नावाचा कुत्रा, झालर पांघरलेला. आणि शास्त्रज्ञ नेहमी मावसाजी, कारण उच्चार त्यांचे स्पष्ट आणि कोणतेही वाक्य ते वेदवाक्यासारखे म्हणत. प्रत्येक चित्रपटात हा शास्त्रज्ञ शेवटी येई, रोग्याच्या डोळ्यांत क्षणभर बघे, आणि म्हणे, ‘‘मला ठाऊक आहे हे काय आहे.’’ ना रक्ताची तपासणी, ना नमुना. मी यावर दरवर्षी आक्षेप घेत असे. दादा म्हणे, मोठा शास्त्रज्ञ विचारत नसते, त्याले दिसते.

मोर्शीच्या एका मित्राच्या संत्र्याच्या बागेत त्याने काढलेला चित्रपट मला सगळ्यांत आवडतो. फोडीतून शिरलेली अळी माणसांना झाडाखाली जाऊन उभे राहायला लावते आणि तिथेच त्यांना अंकुर फुटतात. शेवटी त्यांच्या अंगावरच्या गाठी फुटण्याचे दृश्य होते. दादाकडे लग्नाच्या फिती जोडण्याचेच सॉफ्टवेअर, त्यातले सगळे चमत्कार मंगल. त्यामुळे गाठ फुटली की पडद्यावर गुलाबाच्या पाकळ्या उडत आणि कोपऱ्यातून सोनेरी बदाम तरंगत येत. आम्ही पोट धरून हसलो होतो. आता तो प्रसंग मला पाहवत नाही... यावर अधिक लिहिण्याची माझी तयारी नाही.

पदवीला गेले तेव्हापासून त्याच्या श्रेयनामावलीत ‘शास्त्र सल्लागार’ म्हणून माझे नाव येऊ लागले. मी ते गांभीर्याने घेतले आणि एक नियम घातला. कोणताही प्रश्न त्याने दोनदा विचारायचा: आधी खरे काय, मग पिक्चरमध्ये काय. दोन्ही उत्तरे मी देईन, पण त्यांची सरमिसळ होता कामा नये. दादाने तो नियम शेवटपर्यंत पाळला. माझ्या दृष्टीने सगळ्यांत क्रूर गोष्ट हीच आहे. मी चुकीचे काही सांगितले असते आणि तो त्यावर विसंबला असता, तर मला निदान माझ्यावर रागावता आले असते. मी सगळे खरे सांगितले होते.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात त्याचा फोन आला. ‘‘यंदा तुया किड्यावर पिक्चर काढतो.’’ मला इतका आनंद झाला की मी हातातले काम टाकून गच्चीवर गेले आणि त्याला त्या कृमीची सारी जन्मकथा सांगितली. शेळी-मेंढीच्या यकृतात तो गाठ करून वाट पाहतो. ते यकृत कुत्र्याने खाल्ले की कुत्र्याच्या आतड्यात मोठा होतो. पुन्हा अंडी, पुन्हा गवत, पुन्हा मेंढी. माणूस या चक्रात मुळात नाहीच. माणसाचे यकृत कुत्रा खात नाही, त्यामुळे माणसात शिरलेल्या कृमीचा वंश तिथेच संपतो. दादा म्हणाला, ‘‘म्हंजे त्या बिचाऱ्याचा बी पत्ता चुकला.’’ चित्रपटाचे नाव तिथेच ठरले: ‘पत्ता चुकलेला पाहुणा’. नंतरच्या फोनवर त्याने विचारले, गाठ केवढी धरू? नारळाएवढी चालते का? मी म्हटले, होऊ शकते, पण प्रेक्षकांना खोटी वाटेल, संत्र्याएवढी कर. ‘‘संत्र्याएवढी करतो,’’ तो आज्ञाधारकपणे म्हणाला. ती खरोखर नारळाएवढी होती, हे मला आता वहिनींनी सांगितले आहे. माझी ती दुरुस्ती पटकथेसाठी योग्यच होती आणि मी ती मागे घेत नाही. पण पटकथेतली दुरुस्ती म्हणून ती माझ्याकडून करून घेण्यात आली, हे मी विसरू शकत नाही.

मग त्याने एक सोनोग्राफी पाठवली. आतल्या राक्षसाचे पहिले दर्शन म्हणून ती वापरायची होती. मी ती मोठी करून पाहिली आणि हरखले. एका मोठ्या गोलात मधाच्या पोळ्यासारख्या मांडलेल्या पिल्लांच्या गाठी, पाठ्यपुस्तकात छापावे असे चित्र. मी फोन करून म्हटले, फार सुंदर आहे, कुठे मिळाले? नेटवर, तो म्हणाला. मी लगेच सल्लागाराच्या भूमिकेत शिरले. रुग्णाच्या परवानगीशिवाय असे चित्र वापरता येणार नाही, हे त्याला बजावले.

‘‘परवानगी हाये,’’ दादा म्हणाला.

‘‘कोणाची? तुला नेटवर मिळालं ना?’’

‘‘पेशंटची. भल्ला चांगला मानूस हाये. म्हने, वापरा, माया काय कामाचं?’’

मी हसले. त्याच्या प्रत्येक वाक्यावर मी जशी हसत आले होते तशीच हसले. त्याच फोनवर त्याने नियमाप्रमाणे शेवटचा प्रश्न विचारला: अशा माणसाने खरे काय करायचे? मी सांगितले, आधी गोळ्या, मग लवकरात लवकर शस्त्रक्रिया. नीट तयारीने केली तर बहुतेक जण बरे होतात. आणि पिक्चरमध्ये? पिक्चरमध्ये त्याने थांबायचे, मी म्हटले. थांबल्याशिवाय भीती तयार होत नाही. दादाने दोन्ही उत्तरे ऐकून घेतली आणि स्वतः दुसऱ्याप्रमाणे वागला.

तो का थांबला, हे हळूहळू तुकड्यांनी कळले, आणि त्यात कोणतेही गूढ नाही. गाठ सापडली तेव्हा लग्नांचा मोसम चालू होता आणि दिलेल्या तारखा मोडणे त्याच्या स्वभावात नव्हते. चातुर्मास लागल्यावर करू, असे ठरले. चातुर्मास लागला तर चित्रपट होता. मग तुळशीचे लग्न लागले आणि मोसम पुन्हा सुरू झाला. त्याच्या वर्षात दोनच ऋतू होते आणि दोन्ही भरलेले. दिवाळीला ती तिघे अमरावतीला आमच्याकडे जेवायला आली होती, ती आमची शेवटची भेट. दादा वाळला होता. नायकाची भूमिका स्वतः करतो आहे, म्हणून कमी खातो, असे त्याने सांगितले. अनरशाचा अर्धा तुकडा मोडून त्याने बाकीचा माझ्या ताटात टाकला. निघताना पिशवी वहिनींनी उचलली, त्याने नाही. मी हे सारे पाहिले होते. निरीक्षणांची कमतरता नव्हती; त्यांना जोडणारी एक माहिती हवी होती, आणि ती असलेली सगळी माणसे त्या वेळी माझ्या समोर बसून जेवत होती.

तेराव्यानंतर मी मावसाजींना सरळ विचारले. ते ओटीवर बसले होते. ज्या लग्नात दादा पडला ते त्यांनीच लावले होते. तेव्हापासून त्यांनी कोणाचे बोलावणे घेतलेले नाही. ‘‘आपल्या घरात अंडंसुद्धा येत नाही,’’ ते म्हणाले. ‘‘डॉक्टर म्हनाले, हा बकरीचा रोग. भिक्षुकाच्या पोटात बकरीचा किडा निघाला म्हटल्यावर लोकांनी रंजनाचं माहेर काढलं असतं. तिच्या माहेरी खातात ना. नंदू म्हने, बाबा, रंजनावर कोनाचं बोट नको. कोनालेच सांगायचं नाही.’’ हे ऐकताना मला दुःख झाले नाही, राग आला. कारण या कृमीचा मांस खाण्याशी संबंधच नाही. तो मटणातून येत नाही. कुत्र्याच्या विष्ठेतून, न धुतलेल्या भाजीतून, हातांतून येतो. कट्टर शाकाहारी माणसाला तो तितक्याच सहजपणे होतो. रंजनावहिनींवरचा तो आळ, जो अजून कोणी घेतलाही नव्हता आणि ज्याच्या धाकाने सारे घर गप्प बसले होते, मी एका वाक्यात कायमचा खोडला असता. त्या वाक्यासाठीच तर मी इतकी वर्षे शिकले. दादाला तो कृमी नेमका कुठून मिळाला, हे आता सांगता येणार नाही. मावसाजी शेरूकडे बोट दाखवतात, पण अशी गाठ वाढायला वर्षे लागतात आणि शेरूविरुद्ध पुरावा नाही. मी त्यांना तेवढे सांगितले. ‘‘म्हंजे रंजनाचा काही...?’’ असे म्हणून ते थांबले. मी नाही म्हटले. ते उठून आत गेले आणि मला कळले की त्या घरात खुद्द मावसाजींच्या मनातही तो संशय या दीड वर्षात कुठेतरी बसून होता.

एवढ्यावर हे थांबेल असे मी धरून चालले होते: एक चुकीची समजूत, एक भिडस्त घर, आणि माझ्यावर न ठेवलेला विश्वास. पण काही आठवड्यांनी वहिनींचा फोन आला. चित्रपटातला एक प्रसंग राहिला होता, शेवटचा, आणि त्यात मी हवी होते. दादा पटकथा कागदावर लिहीत नसे, वहिनींना सांगत असे, त्यामुळे त्यांना तो तोंडपाठ होता. पोटात गाठ घेऊन हिंडणाऱ्या नायकाने कोणालाच सांगितलेले नाही. शेवटी त्याची बहीण पुण्याहून येते. तो पाठमोरा बसलेला आहे. ती दारात उभी राहून त्याच्या पाठीकडे बघते आणि म्हणते, ‘‘मले माहीत होतं, दादा.’’ आणि त्याला घेऊन जाते. या वेळी शास्त्रज्ञ मावसाजी नव्हते. त्याने मला ठेवले होते.

मी तो फोन ठेवला तो संतापाने. म्हणजे तो वाट बघत होता. सोनोग्राफी पाठवून, नारळ सुचवून, परवानगीचा विनोद करून तो माझ्यासमोर एकेक खूण ठेवत होता आणि मला दिसते का, ते पाहत होता. त्याच्या चित्रपटातल्या शास्त्रज्ञाला विचारावे लागत नाही. मला लागते. माझ्या क्षेत्रात दृष्टी नावाची वस्तू नाही. नमुना असतो, तो कोणाचा आहे याची चिठ्ठी त्यावर असते, आणि चिठ्ठी नसलेला नमुना आम्ही बाजूला काढून ठेवतो. त्याने चिठ्ठी काढून टाकली आणि मी ओळखावे अशी अपेक्षा ठेवली. लहानपणापासून ज्या एका गोष्टीसाठी मी त्याच्याशी भांडत आले, तीच त्याने माझ्यावर वापरली.

तरीही मी अकोल्याला गेले. दुकान आता वहिनी चालवतात. घेतलेल्या तारखा त्या एकेक करून पुऱ्या करत आहेत. मागच्या खोलीत त्यांनी दोन दिवे लावले होते. पाठमोरा कोण बसणार, हे मी विचारण्याआधीच मावसाजी दादाचा निळा शर्ट घालून आले आणि भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसले. ‘‘खांदे सारखेच हायेत आमचे,’’ ते म्हणाले. वहिनींनी कॅमेरा उचलला. मी दारात उभी राहिले आणि सांगितले की शास्त्र सल्लागार म्हणून हा संवाद मला मान्य नाही.

‘‘मंग तू काय म्हनशीन?’’

‘‘खरं ते.’’

‘‘म्हन,’’ वहिनी म्हणाल्या.

मी त्या निळ्या पाठीकडे पाहून म्हटले, ‘‘मला माहीत नव्हतं. तू सांगितलं नाहीस.’’ माझे एवढेच वाक्य होते. पण लग्नाचे शूटिंग करणारा माणूस विधी झाला म्हणून कॅमेरा बंद करत नाही. माणसांचे खरे चेहरे त्यानंतर दिसतात, असे दादाचे म्हणणे होते आणि त्याच्याकडे काम शिकलेल्या कोणालाही ती सवय मोडता येत नाही. वहिनींनी कॅमेरा खाली घेतला नाही. लाल ठिपका जळत राहिला. आणि मग मी विचारलेच, ‘‘का नाही सांगितलंस?’’

उत्तर कॅमेऱ्यामागून आले, हलक्या आवाजात, जणू त्यांना चित्रणात आपला आवाज येऊ द्यायचा नव्हता. ‘‘मी म्हनली होती, मीनलले सांगा. बाकी कोनाले नका सांगू, पन तिले सांगा. तं म्हने, नाई. तिले सांगतलं तं तिले पहिले आनंद होईन. मंग वाईट वाटीन. म्हने, थे पहिलं मले पाहाचं नाई.’’

मावसाजींची पाठ हलली नाही.

मला शिकवले गेले आहे की न आवडणारे विधान तपासल्याशिवाय नाकारू नये. तिथे उभी राहून मी ते तपासले. त्याची सोनोग्राफी पाहून मी काय म्हटले होते? फार सुंदर आहे. ती त्याची आहे असे त्याने त्याच वेळी सांगितले असते, तर ते कौतुक माझ्या चेहऱ्यावरून पुसले जायला काही क्षण लागले असते. माझा स्वतःचा किडा, माझ्या स्वतःच्या घरात. दादाने आयुष्यभर अनोळखी माणसांचे चेहरे टिपले होते. तो क्षण त्याने अचूक हेरला होता. पण त्यानंतर येणारी मीनल त्याला दिसली नाही, जी त्याच दिवशी त्याच्या सगळ्या तारखा मोडून टाकणार होती, जिने त्याला झोपू दिले नसते. त्या बाईवर त्याने विश्वास ठेवला नाही. ते मी त्याला माफ केलेले नाही, आणि करीन असे मला आज तरी वाटत नाही.

‘‘झाला असता आनंद,’’ मी त्या पाठीला म्हटले. ‘‘अन् मंग तुले धरून नेलं असतं, दादा. अक्षता पडायच्या आधी नेलं असतं.’’

खोलीत दिव्यांची उष्णता साचली होती. थोड्या वेळाने मावसाजींनी, भिंतीकडेच तोंड ठेवून, विचारले, ‘‘झालं का?’’

‘‘नाई,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘बसा अजून थोडं.’’